टेकडीचा घाम

मुकुट घरी आल्यापासून सेराफीम कुणावर आवाज चढवत नव्हते, आणि इल्दाला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. एरवी सासरे दाराच्या कडीवरून, कोबी जास्त शिजल्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून गरजायचे आणि लगेच विसरूनही जायचे. पण पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट ज्या घरी आठवडाभर मुक्कामाला असतो, त्या घरात भांडायचं नसतं आणि दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नसतं. त्यांच्या वडलांनी, इनासियो आजोबांनी, पोर्तुगालच्या पीकु बेटावरून कॅलिफोर्नियात येताना हे दोन नियम बोटीतून सोबत आणले होते. त्यामुळे सेराफीम गप्प होते. बैठकीच्या खोलीत सासूबाईंची, झुल्मिराची, लग्नातली लेस अंथरून, त्यावर फुलांच्या पायऱ्या रचून मुकुट ठेवला होता आणि रोज संध्याकाळी सगळी गल्ली जपमाळ घेऊन येऊन बसत होती. सेराफीम सगळ्यांना खुर्च्या देत, हसत. कुंपणाकडे मात्र बघत नसत.

सोमवारी यंत्र त्यांच्या मागच्या दारी येणार होतं.

गेलं वर्षभर ते नदीकाठानं गोगलगाईसारखं सरकत येत होतं, बांधाच्या माथ्यावरून खाली खोल चर खणत, त्यात माती-सिमेंटचा रबडा ओतत. बांधाच्या पोटात अशी एक सलग भिंत उभी राहिली आणि पायथ्याची झाडंझुडपं, शेडी, कुंपणं हलली, की हा बांध वॉशिंग्टनमधल्या सरकारच्या मापाला उतरणार होता. नाही उतरला, तर सगळी वस्ती सरकारी नकाशावर पुराच्या रेषेत जाणार, मग घराला एक खोली जोडायची म्हटली तरी परवानगी मिळायची नाही. इल्दाला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण तिचा नवरा दुआर्ते त्याच बांधाच्या कचेरीत इंजिनिअर होता.

पण घरात 'बांध' हा शब्द कुणी काढत नसे. परसाच्या कुंपणामागे जो हिरवा चढ उभा होता, ज्याच्या पलीकडे सॅक्रामेंटो नदी वाहायची आणि भर हिवाळ्यात आपल्या खिडक्यांच्या वरून वाहायची, तो या घरात 'टेकडी' होता. इनासियो आजोबांनी ठेवलेलं नाव. दुआर्तेला नोकरी लागली तेव्हा जेवताना त्याच्या तोंडून एकदा 'आपला बांध' असं निघून गेलं, तर सेराफीम बशीतून मान वर न करता म्हणाले होते, "कचेरीतले शब्द कचेरीत ठेवून येत जा." रोज सकाळी नातीला, आठ महिन्यांच्या मिराला, कडेवर घेऊन ते मागच्या दारात उभे राहत आणि तिच्या कानाशी सांगत, "ती बघ. टेकडी." मिरा टेकडीऐवजी आजोबांच्या भुवया बघायची आणि त्या ओढायची.

आणि त्या टेकडीच्या पोटात, अवजारांच्या खोपटामागे, एक दार होतं.

पीकुला प्रत्येक घरामागे डोंगर असतो आणि डोंगरात वाइनचं तळघर, अदेगा. इनासियो आजोबांनी इथे आल्यावर पहिल्या काही वर्षांतच फावडं घेतलं आणि टेकडीत अदेगा खणली. लाकडाचे खांब दिले, विटा लावल्या, दारावर क्रूस कोरला. तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे विचारू लागले तेव्हा दारासमोर खोपट उभं राहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी मिराला झोपवून, तिचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र खिशात टाकून, इल्दा रिकामा जग घेऊन अदेगात गेली. रविवारच्या सूपसाठी वाइन हवी होती. मुकुटाच्या रविवारी मोठ्या पातेल्यात मांस, कोबी, दालचिनी घालून रस्सा उकळायचा, पावाच्या जाड कापांवर आणि पुदिन्यावर ओतायचा, आणि येईल त्याला वाढायचा. त्यात घरची वाइन पडली नाही तर दुआर्तेच्या ग्रासिंदा आत्या पहिल्याच चमच्याला ओळखायच्या. घरच्या वाइनचं एकच पिंप उरलं होतं. झुल्मिरानं, सासूबाईंनी, स्वतःच्या हातांनी गाळलेलं शेवटचं. त्या हिवाळ्यात त्या गेल्या. मिराचं नाव त्यांच्याच नावाच्या शेपटावरून ठेवलेलं.

आत गार होतं आणि ओल्या वेताच्या टोपलीसारखा वास होता. इल्दानं दिवा लावला. मागच्या भिंतीत, विटा संपतात तिथे, झऱ्याची जागा होती. नदी चढली की हिवाळ्यात टेकडीला घाम यायचा आणि तिथून काचेसारखं पाणी झिरपायचं. सासूबाईंनी त्याच्याभोवती शंखशिंपले लावले होते, वर एक छोटी मेरीमाता बसवली होती. ते पाणी घरात पवित्र धरलं जायचं. आत्यांच्या कपाटात त्याच्या बाटल्या होत्या, डोळे आले, गुडघा धरला, की त्या निघायच्या.

आता मे महिना होता, झरा कोरडा होता. पण शिंपल्यांच्या मधोमध वाळूचा एक गोल ढीग होता. बारीक, राखाडी, माथ्यावर खळगा असलेला, मुंगळ्यांच्या वारुळासारखा. कुणी हातानं केला असावा इतका नीटस.

इल्दा वाकली आणि तशीच राहिली.

मिराच्या वेळी तिला दिवस भरत आले होते तेव्हा दुआर्ते तिला रोज बांधावरून चालवत न्यायचा. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं, आणि त्याला दुसरा विषय सुचत नसे. तो म्हणाला होता, "झिरपणाऱ्या पाण्याला मी घाबरत नाही. स्वच्छ येतंय तोवर येऊ दे. पण ते गढूळ आलं, आणि तोंडाशी वाळूचं वारूळ दिसलं, तर समजायचं की बांध आतून वाहतोय. मग घर, गाडी, काही बघायचं नाही. पळायचं." तिनं तेव्हा पोटावर हात ठेवून हसत विचारलं होतं, "अशी पळू?"

खिशातलं यंत्र कुरकुरलं. मिरा उठली होती. इल्दाचा ब्लाउज दुधानं ओला झाला, अंगाला आधी कळलं, डोक्याला नंतर. मिराचा पाळणा जिथे होता ती खोली या भिंतीच्या अगदी समोर होती. मधे फक्त कोबीचा वाफा आणि कपडे वाळत घालायची दोरी.

तिनं जगात वाइन भरली नाही. ओंजळीनं वाळू भरली.

*

दुआर्ते आला तेव्हा ती मिराला पाजत स्वयंपाकघरात बसली होती आणि जग टेबलावर होता. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला. त्याच्या बुटांना अजून कचेरीचा चिखल होता.

"ही वाळू कुठे होती?"

"तुला माहीत आहे कुठे होती ते."

"नाही, वाळूचं मला खरंच माहीत नव्हतं." तो बोटांनी वाळू चाळत राहिला. "आई गेल्यापासून मी आत गेलोच नाही."

"आणि अदेगाचं? कचेरीत कुणाला माहीत आहे?"

त्यानं जग बाजूला सारला. मिरा प्यायची थांबून बापाकडे बघू लागली, म्हणून इल्दानं आवाज खाली आणला.

"दुआर्ते, सोमवारी ते यंत्र वर येणार. खाली पोकळ आहे. त्यावर माणूस बसलेला असतो."

"रामोन असतो. मला ठाऊक आहे. आधी ते छोटी भोकं पाडून तपासतात. मला वाटलं, त्यात सापडेलच."

"म्हणजे तुला वाटलं, तुझ्या बापाला यंत्रानं सांगावं."

"तू बोलतेस सोपं." त्यानं कपाळ चोळलं. "मी त्या दारात लहानाचा मोठा झालोय. मी त्यांना काय म्हणू? बाबा, तुमच्या बापानं मूर्खपणा केला? आईनं देवासारखा पुजला तो झरा म्हणजे नदी आपल्या घरात शिरायची वाट बघत होती? ते दार गेलं तर ते सकाळी उठून जातील कुठे? सांग तू."

इल्दाला ते माहीत होतं. सासरे रोज सकाळी नातीला टेकडी दाखवून झाली की तिला परत देत आणि खोपटामागे जात. काही काढायला नाही. पिंपाशेजारच्या स्टुलावर बसायला. एकदा ती मीठ मागायला गेली होती तेव्हा ते पिंपाशी बोलत होते, आत्यांच्या नव्या चष्म्याविषयी. ती मीठ न मागताच परत आली होती.

"आज प्रार्थनेनंतर बोलायचं," ती म्हणाली.

"मुकुट घरात असताना?"

"मुकुट घरात असताना ते ओरडणार तरी नाहीत."

*

त्या संध्याकाळी जपमाळ संपली, शेजारी गोड पाव खाऊन गेले, आणि स्वयंपाकघरात पाच जणं उरली. सेराफीम, त्यांची थोरली बहीण ग्रासिंदा आत्या, दुआर्ते, त्याची बहीण नातालिया आणि इल्दा. मिरा इल्दाच्या खांद्यावर पेंगत होती. नातालिया मोडेस्टोहून खास मुकुटासाठी येऊन राहिली होती आणि आल्यापासून आईच्या भांड्यांच्या जागा पूर्ववत करत होती.

दुआर्तेनं जग टेबलाच्या मधे ठेवला.

"हे काय?" नातालियानं विचारलं. "वाइन कुठाय?"

"झऱ्यापाशी सापडली," इल्दा म्हणाली. "वाळू."

"मग झाडून टाकायची. मी टाकते उद्या."

"नाताली, ऐक." दुआर्तेनं सांगायला सुरुवात केली. त्याला नीट सांगता यायचं नाही. मधेच आकडे यायचे, मधेच हात. झिरपणं, दाब, माती सुटणं. सेराफीम जगाकडे बघत होते.

"थांब," नातालिया म्हणाली. "इतकी वर्षं काही झालं नाही. आता तुमच्या कचेरीनं भिंत घालायची ठरवली तर आपली अदेगा धोक्याची झाली होय? भिंत पुढे घाला ना, वर घाला. इथे कशाला तोंड घालता?"

"भिंत इथूनच जाते. आणि मागची पोकळी तशीच ठेवून हा बांध—" तो थांबला. "ही टेकडी कुणी मंजूर करणार नाही."

"सांगितलंच नाही तर?"

"तर रामोन तीस टनांचं यंत्र घेऊन बाबांच्या पिंपावर येईल," इल्दा म्हणाली.

"वहिनी, तू या घरात आलीस कधी आणि घर हलवायला निघालीस कधी." नातालिया हळू बोलली, पण ते लागायचं तिथे लागलं. "माझी आई आहे तिथे. तिचा हात लागलेली तेवढीच जागा राहिली आहे. इथले चमचेसुद्धा तू हलवलेस."

"चमचे तुझ्या भावानं हलवले. त्याला उजवीकडचा खण उघडता येत नाही."

"तो खण अडकतोच," आत्या म्हणाल्या. "झुल्मिरा लाथ मारायची."

कुणी हसलं नाही, पण नातालियानं खणाकडे पाहिलं.

आत्यांनी हातातली माळ टेबलावर ठेवली. "मला एक समजत नाही. ते पाणी पवित्र आहे. माझा गुडघा त्यानं बरा झाला."

"आत्या, तुमचा गुडघा इंजेक्शननं बरा झाला," दुआर्ते म्हणाला.

"इंजेक्शन त्याच आठवड्यात होतं, एवढंच."

"आत्या, ते नदीचं पाणी आहे. बोटींचं, गाळाचं."

"मी ते डोळ्यांना लावलंय."

"म्हणूनच नवा चष्मा लागला," सेराफीम म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. आठवड्यात प्रथमच ते काही खोचक बोलले होते, आणि इल्दाला उगाच आशा वाटली. पण त्यांनी जग पुढे ओढला आणि वाळू मुठीत घेतली. शेतकऱ्याची बोटं, टोमॅटोच्या देठांनी कायमची हिरवट झालेली. त्यांनी ती हळूहळू सोडली.

"पाणी गढूळ होतं यंदा," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?" दुआर्तेचा आवाज बदलला. "बाबा, कधी?"

"जानेवारीत. दूध घातलेल्या कॉफीसारखं." ते मुठीशी बोलत होते. "झुल्मिरा असताना कधी तसं आलं नाही. ती ती जागा पुसायची, निगा ठेवायची. मला वाटलं, ती गेली, वर्ष झालं, झऱ्यालाही कळलं. मी त्याला म्हटलं, येऊ दे बाबा तुलाही रडू."

नातालियानं तोंडावर हात धरला. दुआर्ते उठला आणि नळापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. जानेवारीत नदी किती चढली होती ते त्याला ठाऊक होतं. ते सगळे त्या आठवड्यात या छपराखाली झोपले होते. मिरा नुकतीच रात्रभर झोपायला शिकली होती, आणि इल्दानं कौतुकानं सगळ्यांना तसं फोन करून सांगितलं होतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं," इल्दा म्हणाली.

"मला टेकडी माहीत होती." त्यांनी मूठ झटकली. "मुकुट जाईपर्यंत यावर कुणी बोलायचं नाही. नंतर मी बघीन."

"मुकुट रविवारी जातो, बाबा. यंत्र सोमवारी सकाळी येतं."

"मग सोमवारी मी तिथे बसलेला असेन. आतच. बघू कोण भोक पाडतं."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची नीट आत सारून ते उठले.

"बस," आत्या म्हणाल्या.

सेराफीम थांबले. ते पंचाहत्तरीचे होते आणि आत्या बस म्हणाल्या की बसायचे.

"तू इथे जन्मलास. मी तिथे," आत्या म्हणाल्या. "आमच्या डोंगराला डोकं आपटलं तर डोकं फुटायचं, काळा दगड होता. इथे आलो तर सगळं ताटासारखं सपाट. बाबांना झोप लागायची नाही. म्हणायचे, पाठीमागे काही नाही, कुणीतरी ढकलून देईल असं वाटतं. मग आपल्याला ही जागा मिळाली, मागे हा एवढा चढ. त्या रात्री ते पहिल्यांदा घोरले. सकाळी म्हणाले, टेकडी मिळाली. आई मला म्हणाली, म्हणू दे. कुणी काही बोलायचं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लोकांनी ढकलगाड्यांनी माती आणून टाकलेला ढीग आहे हे तिला माहीत होतं. मलाही होतं. बाबांना झोप हवी होती, ती आपण त्यांना दिली. पण सेराफीम, त्यांना जाऊन किती काळ झाला. आता झोप कुणाला लागायला हवी?"

त्यांनी बोट दाखवलं नाही. मिरा इल्दाच्या खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपली होती, आणि सगळ्यांनी आपापलं तिकडे पाहिलं.

सेराफीम उठले. जाता जाता त्यांनी मिराच्या टाचेला एका बोटानं स्पर्श केला. मग परसाचं दार वाजलं आणि थोड्या वेळानं खोपटामागचं.

"आत्या, तुम्ही तर त्यांच्या बाजूच्या होता," नातालिया म्हणाली.

"मी अजून आहे," आत्या म्हणाल्या. "तू तो खण उघड बघू."

नातालियानं खण ओढला. अडकला. तिनं एक लाथ मारली तसा तो उघडला, आणि मग तिला रडू आलं.

*

शनिवारी सेराफीम कुणाशी बोलले नाहीत. सकाळी मिराला घ्यायलाही आले नाहीत, आणि मिरा मागच्या दाराकडे हात करून कुरबुरत राहिली. इल्दाला स्वतःचा राग आला. जग आणला नसता तर, असं नाही. जग आणायचाच होता. पण ते स्टूल, ते पिंप, त्यांच्या बदली त्यांना द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं. दुआर्तेनं ठरवलं होतं की रविवारी मुकुट पुढच्या घरी पोचवला की लगेच तो वरिष्ठांना फोन करणार, बाप बोलो न बोलो. ते त्यानं इल्दाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा होता.

दुपारी ती पातेलं घासत होती तेव्हा सेराफीम दारात येऊन उभे राहिले. कपड्यांना कोळिष्टकं होती.

"सूपला वाइन नको?"

"हवी. पण मी—"

"दुआर्तेला बोलाव. नातालीलाही. पिंप जड आहे."

"सगळं पिंप, बाबा?"

"सगळं पिंप." ते वळले आणि पुन्हा थांबले. "त्याच्या कचेरीत ती एक मुलगी आहे ना, मोजमापं घेणारी. जानेवारीत पावसात कुंपणाबाहेर उभी होती, मी छत्री दिली होती तिला. काय नाव?"

"थुई."

"तिला उद्या जेवायला सांगा."

"ती रविवारी सुट्टीवर असते, बाबा."

"मी तिला कामाला बोलावत नाहीये. मुकुट घरात आहे, जेवायला बोलावतोय." मग म्हणाले, "मोजपट्टी गाडीत असली तर असू दे."

रविवारी गल्ली लोटली. लांब टेबलं परसात, कोबीच्या वाफ्यापासून खोपटापर्यंत. वस्तीतले पोर्तुगीज तर होतेच, पण समोरचं मेक्सिकन कुटुंब आणि कोपऱ्यावरचे पंजाबी आजोबाही होते. आजोबा मांस खात नसत म्हणून आत्यांनी त्यांच्यासाठी वेगळा कोबी शिजवला होता आणि त्यांच्या बशीशी उभं राहून खातात की नाही ते बघितलं. झुल्मिराचं पिंप खोपटासमोर आडवं ठेवलेलं, आणि सेराफीम स्वतः जग भरभरून टेबलांवर नेत होते. आग्रह करत होते, ओतत होते. "घ्या. बाईंची आहे. उरवायची नाही." लोकांना वाटलं, बायकोच्या आठवणीत वाढतायत. नातालिया त्यांच्या मागोमाग फिरत होती, रिकामे जग उचलत.

थुई उशिरा आली, हातात संत्र्यांची पिशवी, अंगात फुलाफुलांचा झगा, आणि अवघडलेली. सेराफीमनी तिला मिराशेजारी बसवलं, दोनदा वाढलं. तिनं बशी पुसून खाल्ली तेव्हा ते म्हणाले, "चला."

इल्दा मिराला घेऊन मागे गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. दुआर्ते खोपटाच्या दाराशी अंग चोरून उभा होता.

सेराफीमनी दार उघडलं. गार हवा बाहेर आली. पिंप नव्हतं. स्टूल होतं. शिंपले आणि मेरीमाता त्यांनी आधीच काढून एका टोपलीत ठेवली होती.

"ही माझ्या वडलांनी खणली," ते म्हणाले. त्यांनी दुआर्तेकडे पाहिलं, तो खाली बघत होता. मग पुन्हा थुईकडे. "बांधात. त्यांनी बांधात खणली. मागून पाणी येतं, आणि यंदा वाळू आली."

दुआर्तेनं मान वर केली.

झग्याचा घोळ गुडघ्यांत धरून थुई खाली वाकली, मागच्या भिंतीपर्यंत गेली, विटा संपतात तिथे तळहात टेकवला.

"किती आत जाते ही, काका?"

"तू मोज. माझा कधी धीर झाला नाही."

"उद्या यंत्र थांबवावं लागेल," ती बाहेर येत दुआर्तेला म्हणाली, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून पुढचे प्रश्न गिळले. ते सोमवारी येणारच होते, आणि येऊ देत, असं इल्दाला वाटलं. दुआर्तेलाही तसंच वाटत असावं. तो बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

"इथे वाइन होती ना?" थुईनं सेराफीमना विचारलं. "सगळी बाहेर काढली का? रबडा भरताना आत काही राहायला नको."

"तू प्यायलीस ती," सेराफीम म्हणाले.

*

यंत्र थांबलं आणि दुआर्तेला कचेरीत तीन साहेबांसमोर उभं राहावं लागलं. त्यातलं काय बोलणं झालं ते त्यानं घरी अर्धंच सांगितलं. नोकरी राहिली, बढती राहिली नाही. मग एका सकाळी जाड नळ्या घेऊन माणसं आली. त्यांनी अदेगाचे खांब, विटा तशाच ठेवून तिच्यात तळापासून छतापर्यंत राखाडी रबडा भरला. त्याला फार वेळ लागला नाही. दार आधीच काढलं होतं. ते नातालिया मोडेस्टोला घेऊन गेली, त्याचं काय करणार ते तिलाच माहीत नव्हतं.

सेराफीम ते बघायला बाहेर गेले नाहीत. स्वयंपाकघरात खणाची पट्टी तासत बसले. नळ्यांचा आवाज थांबला तसे उठले, हात धुतले आणि इल्दासमोर दोन्ही हात पसरले. पिंप बाहेर काढल्याच्या दिवसापासून त्यांनी मिराला मागच्या दारात नेलं नव्हतं. इल्दानं मिराचं तोंड पुसलं आणि तिला त्यांच्याकडे दिलं.

ते दारात उभे राहिले. कुंपण गेलं होतं, खोपट गेलं होतं. कोबीचा वाफा माणसांच्या बुटांनी तुडवला होता. मागचा चढ पूर्ण उघडा दिसत होता, माथ्यावर पिवळं यंत्र, आणि त्यावर बसलेल्या रामोननं यांना बघून हात वर केला.

"ती बघ," सेराफीम सवयीनं म्हणाले आणि थांबले.

मिरानं त्यांची भुवई धरली.

"तो बघ," ते म्हणाले. "बांध." आणि थोड्या वेळानं पुन्हा, हळू, नव्या माणसाचं नाव जिभेवर बसवावं तसं, "बांध."

"काय सांगतोयस रे पोरीला?" आत्यांनी आतून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "नाव सांगतोय."